कोरडा हात

बनारसला आमच्या रामघाटच्या घरात पहाटेपासून प्रत्येक ओळ तीनदा ऐकू यायची. अण्णा एकदा म्हणायचे आणि समोर बसलेले विद्यार्थी तीच ओळ दोनदा म्हणायचे, त्याच चढउतारात, त्याच ठिकाणी श्वास घेऊन. याला संथा देणं म्हणतात. अण्णा म्हणजे माझे वडील. वेदांचे घनपाठी होते, आणि खालच्या दालनात त्यांची पाठशाळा भरायची. वरच्या खोलीत मी दुलईत तोंड खुपसून पडलेली असायची आणि अर्थ न कळता अर्धं सगळं मला पाठ झालं होतं. मुलींनी ते म्हणायचं नसतं, म्हणून मी मुद्दाम भांडी घासताना मोठ्यानं म्हणायची. आई म्हणायची, "अगं हळू, नीचे आवाज जातो." मी म्हणायची, "जाऊ दे की." आवाज जातच होता. एकदा जेवताना ताटावरून मान वर न करता अण्णा म्हणाले, "काल शेवटाला तुझा स्वर घसरला." बस, एवढंच. बंद कर म्हणाले नाहीत आणि चालू दे असंही म्हणाले नाहीत.

संथा सुरू असताना बाजूच्या पंचगंगा घाटावरच्या मशिदीतून अजान यायची, खाली नावाडी एकमेकांना शिव्या देत होड्या सोडायचे, आणि आईच्या चुलीवर हिवाळ्यात रोज निमोना शिजत असायचा. निमोना म्हणजे वाटलेल्या हिरव्या मटारची पातळ भाजी, पक्की बनारसी. पण आई त्यात गोडा मसाला घालायची. शेजारच्या पंडाइन चाची नाक मुरडायच्या आणि वाटी भरून न्यायच्याही. आमचं सगळं असंच होतं. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि त्या मराठीला हिंदीची फोडणी. पुण्याहून आलेले पाहुणे आमच्या बोलण्याला हसायचे. मला त्यांचा फार राग यायचा, कारण त्यांना आमच्या घाटाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची आणि तरी तोंड बंद राहायचं नाही.

अण्णांच्या पाठशाळेत एक रिवाज होता. तो त्यांच्या गुरूंकडून आलेला, आणि इतर कुठे मी पाहिला नाही. विद्यार्थी चुकला तर अण्णा ओळ पुन्हा म्हणायचे. पुन्हा चुकला तर पुन्हा. तीच चूक तिसऱ्यांदा झाली की अण्णा आसनावरून उठायचे. विद्यार्थ्याला एक शब्द बोलायचे नाहीत. सरळ घाट उतरून गंगेत जायचे, पौष असो की माघ, बुडी मारून ओलेत्यानं वर यायचे, धोतर बदलून पुन्हा बसायचे आणि तीच ओळ पहिल्यापासून द्यायचे. त्यांचं म्हणणं, तीनदा देऊनही समोरच्याला आलं नाही तर दोष देणाऱ्याचा. कडाक्याच्या थंडीत एका दिवसात चार-चार बुड्या मी मोजल्या आहेत. आई चिडून म्हणायची, "निमोनिया होईल तेव्हा कळेल कुणाचा दोष ते." मला तेव्हा ही सगळी नाटकं वाटायची. मी मानसशास्त्रात एम.ए. करत होते ना. मला सगळ्यांची नाटकं ओळखता येत होती.

विद्यापीठात जाणारी आमच्या आळीतली पहिली मुलगी मी. मैदागिनपर्यंत पायी, पुढे रिक्षा. आमच्या विभागात खन्नासाहेब म्हणून प्राध्यापक होते, त्यांच्या हाताखाली मी प्रबंधिका लिहीत होते. उंच, हळू बोलणारे, कोटाला कधी सुरकुती नाही. फाळणीत ते लाहोरहून आले होते. एकदाच, कपात चहा गार होऊ देत, त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांचं घर ज्यानं पेटवलं तो शेजारचाच, त्यांच्या आईच्या हातचं जेवलेला माणूस होता. नंतर एका छावणीत तो भेटला. साहेबांनी विचारलं, का केलंस? तो म्हणाला, "मुझसे कहा गया था." खन्नासाहेब म्हणाले, "सुधा, मैं बस इतना जानना चाहता हूँ कि कहने भर से आदमी कहाँ तक जाता है." या माणसाला मी पुढे पुष्कळ नावं ठेवणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

प्रयोग असा होता. एका खोलीत टेबल, टेबलावर घंटी, मधोमध लाकडी पडदा. पडद्यामागे एक शिकणारा बसलेला. बाहेरून बोलावलेल्या माणसानं त्याला शब्दांच्या जोड्या वाचून दाखवायच्या आणि मग विचारायच्या. तो चुकला की घंटी वाजवायची. घंटी वाजली की शिकणाऱ्यानं बर्फाच्या बादलीत हात घालायचा आणि वाचणाऱ्यानं आकडे मोजायचे, आधी दहापर्यंत, मग वीस, मग तीस, असं शंभरापर्यंत. तेवढा वेळ हात आत. पन्नासापासून पडद्यामागून कण्हण्याचा आवाज यायचा, ऐंशीला रडण्याचा. समोरचा माणूस थांबला की खन्नासाहेब अगदी मृदू आवाजात म्हणायचे, "आगे चलिए." पुन्हा थांबला तर, "प्रयोग के लिए ज़रूरी है." त्यांनी आवाज कधी चढवला नाही. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायची आणि कोण कितव्या आकड्याला थांबलं, कुणाला घाम आला, कोण कुठे पाहत होतं, ते लिहायची. पडद्यामागे आमच्याच वर्गातला रामनरेश असायचा. मोहल्ल्याच्या रामलीलेत पाच वर्षं राक्षस झालेला. आलेल्या माणसाला दाखवायला बादलीत खरा बर्फ असायचा, पण त्याचा हात कोरडा असायचा. एका हातानं शेंगदाणे खात तो असा काही विव्हळायचा की माझंसुद्धा लिहिणं थांबायचं, आणि मला खरं माहीत होतं.

साहेबांना विद्यार्थी नको होते, जुन्या शहरातली माणसं हवी होती. "आप लोगों में गुरु की बात टाली नहीं जाती," ते म्हणाले, "वही देखना है." माणसं मी आणली. रामघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, सगळ्या गल्ल्या मी पालथ्या घातल्या. कुणी पुरोहित, कुणी शाळामास्तर, कुणी बँकेतले. त्यांना मी सांगितलं की स्मरणशक्तीचा अभ्यास आहे. ती माणसं विज्ञानासाठी आली नव्हती. अण्णांच्या मुलीची परीक्षा आहे, पोरीचं काम अडायला नको, म्हणून आली. पाध्येकाका तर इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून आले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, आमच्या दोन घरं पलीकडचे, रोज सकाळी अण्णांशी ओट्यावर गप्पा मारणारे. ते शंभरापर्यंत गेले. बाहेर आल्यावर रिक्षात बसले. मग म्हणाले, "सुधा, त्या मुलाला हळद-दूध द्यायला सांग." मी हो म्हटलं. खरी गोष्ट कुणाला सांगायची नाही असा साहेबांचा हुकूम होता, कारण एकाला कळलं की आळीभर होणार आणि प्रयोग बुडणार. सगळं संपल्यावर सांगू, ते म्हणाले होते. त्या दिवसापासून पाध्येकाका सकाळी ओट्यावर यायचे बंद झाले. मी ते पाहिलं आणि त्याचं काय करायचं ते न कळून सोडून दिलं.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. बहुतेक जण पुढेपुढे जात होते आणि मी मनात म्हणत होते, बघा, ही आमची वडीलधारी मंडळी. मला घाटावर एकटी फिरू नको म्हणणारी, जोरात हसू नको म्हणणारी. कोट घातलेला माणूस दोन शब्द मऊ बोलला की यांचा कणा वितळतो. मला वाटायचं, मी या सगळ्यांहून वेगळी. वही माझ्या हातात होती ना.

माघातल्या एका दुपारी अण्णा आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं, साहेबांनीच आग्रह धरला होता. अण्णांनी चपला दाराबाहेर काढल्या, उपरणं सावरून खुर्चीवर ताठ बसले, आणि जोड्या वाचायला लागले. त्यांचा तो खणखणीत आवाज त्या विभागाच्या खोलीत ऐकून मला उगाचच लाज वाटली. रामनरेश ठरल्याप्रमाणे चुकला. अण्णांनी घंटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तीच जोडी पुन्हा वाचली.

"पंडितजी, घंटी बजाइए," खन्नासाहेब म्हणाले.

"अभी नहीं. अभी तो एक ही बार दिया है."

रामनरेश पुन्हा चुकला. कागदावर तसंच लिहिलेलं होतं, तो तरी काय करणार. अण्णांनी तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवून. तो तिसऱ्यांदा चुकला. अण्णा उठले.

"पंडितजी, आप बैठिए. प्रयोग के लिए ज़रूरी है कि आप आगे चलें."

"तीन बार हो गया, साहब. अब दोष मेरा है. लड़के का नहीं." असं म्हणून त्यांनी साहेबांना हात जोडले आणि चालत पडद्यामागे गेले.

मी उठून धावले, पण उशीर झाला होता. रामनरेश मांडीवर शेंगांच्या टरफलांचा ढीग घेऊन बसला होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. "बेटा, तुम्हारा हाथ तो सूखा है," ते म्हणाले. रामनरेशला मान वर करता येईना. मला वाटलं आता अण्णा भडकतील. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, खाली बसले आणि कोपरापर्यंत हात बर्फात घातला. एक, दो, तीन. पूर्ण शंभर मोजले, एक आकडा न गाळता. तिथं कुणी चुकलं नव्हतं, कुणी शिकत नव्हतं, सगळं खोटं होतं हे त्यांना कळून चुकलं होतं. तरी त्यांनी तीनदा दिलं होतं आणि समोरच्याला आलं नव्हतं, तेवढं त्यांच्यापुरतं खरं होतं. हात काढला तेव्हा तो लालभडक झाला होता. उपरण्यानं पुसून त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल."

मैदागिनला आम्ही रिक्षा सोडली. गल्लीत शिरल्यावर, एका सांडाला वाट द्यायला आम्ही भिंतीला टेकून उभे होतो तेव्हा, त्यांनी विचारलं, "किती जण बसवलेस त्या खुर्चीत?"

"वीसेक असतील."

"ते घरी गेले तेव्हा त्यांना कळलं होतं का, मुलाचा हात कोरडा होता ते?"

"नाही. साहेब म्हणाले, सगळं झाल्यावर सांगायचं. आधी सांगितलं तर—"

"साहेब म्हणाले," अण्णा म्हणाले. "आणि तू ऐकलंस."

मला असा राग आला की मी रस्त्यातच ओरडले, "तुम्ही तरी काय वेगळं केलंत? गुरूंनी सांगितलं ते केलंत. तुम्हीपण ऐकलंतच." अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "हो, ऐकलं. पण भोगलं मी. तू ऐकलंस आणि भोगतोय तो पाध्ये." मग सांड निघून गेला आणि आम्ही घरी आलो. आईनं अण्णांचा हात पाहिला आणि कुणाला काही न विचारता तेल गरम करायला ठेवलं. रात्री मी जेवले नाही. मला माझ्या वडिलांचा राग आला होता, साहेबांचा आला होता, आणि तिसरा जो राग होता तो कुणाचा हे मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "पंडितजी का पन्ना फाड़ दो," ते म्हणाले. "वो निर्देश समझे ही नहीं. उन्होंने न माना, न इनकार किया. हमारे काम का नहीं." मी म्हटलं, सर, निर्देश सगळ्यांत जास्त त्यांनाच कळला. त्यावर ते हसले, वाईट हसू नव्हतं ते. म्हणाले, तुझे वडील बंडखोर नाहीत, त्यांचा हुकूम देणारा वेगळा आहे इतकंच. हा मुद्दा खोटा नाही. म्हातारपणीसुद्धा मी अधूनमधून तो चघळते. पण मला एवढं समजतं की एक हुकूम मानून माणूस दुसऱ्याला बर्फात ढकलतो आणि एक मानून स्वतःचा हात घालतो, आणि या दोघांना एकाच रकान्यात घालणारी वही मला नको. तेव्हा मला इतकं नीट बोलता आलं नाही. तेव्हा मी फक्त म्हटलं, "पन्ना मैं नहीं फाड़ूँगी. और मैं सबको बताने जा रही हूँ."

"किसको?"

"जितने लोग मैं लाई थी. सबको. आज से."

साहेबांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग त्याच मृदू आवाजात त्यांनी मला समजावलं. अजून निम्मी माणसं बसवायची आहेत. तीन वर्षांचं काम आहे. एकाला कळलं तर सगळं मातीत जाईल. थोडे महिने थांब. आणि नाही थांबलीस तर तुझ्या प्रबंधिकेवर माझी सही होणार नाही. त्या आवाजाला नाही म्हणणं किती अवघड असतं हे मला कोपऱ्यात बसून कधी कळलं नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसल्याशिवाय ते कळत नाही. मला ती डिग्री हवी होती. आळीतल्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून हवी होती. मी म्हटलं, "मत कीजिए," आणि वही काखेत मारून बाहेर पडले. वही खरं तर विभागाची होती. ती मी पळवली म्हणा हवं तर.

सही झाली नाही. एम.ए. मला कधीच मिळालं नाही. पुढे बी.ए.वर शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. नात विचारते, "आजी, माफी मागून घ्यायची ना, सिंपल." काय माफी मागायची, बाई? आता म्हणे असे प्रयोग करायच्या आधी समिती बसते, माणसांना आधी विचारतात, नंतर नीट समजावून घरी पाठवतात. चांगलं आहे. आमच्या वेळी समिती नव्हती, मी होते, आणि मी उशिरा जागी झाले.

आठ दिवस मी गल्ल्या तुडवल्या. काही जण हसले, सुटल्यासारखे हसले. ब्रह्माघाटच्या शास्त्रीबुवांनी मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो मी ऐकून घेतला, माझ्या वाट्याचा होता. बँकेतले जोशी म्हणाले, मला आधीच कळलं होतं. ते नव्वदपर्यंत गेले होते. पाध्येकाकांकडे जायला मात्र मी सगळ्यांत शेवटी धजले. दोन घरं पलीकडे, आणि तिथं पोचायला मला आठ दिवस लागले.

ते खिडकीशी बसून मटार सोलत होते. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. तो मुलगा आमचा वर्गमित्र होता, त्याचा हात कोरडा होता, त्याला काही झालं नाही, काका, काहीच झालं नाही. मला वाटलं आता ते सुस्कारा टाकतील. ते सोलतच राहिले.

"पण मला कुठं माहीत होतं?" ते म्हणाले.

तेवढ्यात काकू आतून बघून गेल्या. पाध्येकाका म्हणाले, "रोज डोक्यात तेच. मी चाळीस वर्षं वरून आलेल्या चिठ्ठीवर पार्सलं सोडली. कधी विचारलं नाही आत काय आहे. पण ते पार्सल होतं. हा मुलगा रडत होता, सुधा." मग त्यांनी विचारलं, "हे सांगायला साहेबांनी पाठवलं तुला?"

"नाही. सांगू नको म्हणून बजावलंय."

"तरी आलीस?"

"तरी आले."

त्यांनी परात बाजूला सारली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग बस," ते म्हणाले. "तू सगळं लिहीत होतीस ना? माझं वाच. मी कुठे उठायला हवं होतं, ते मला बघायचंय."

मी वही उघडली, त्यांच्या नावाचं पान काढलं आणि वाचायला लागले. दहा, घंटी लगेच वाजवली. वीस, लगेच. तीस, घसा खाकरला. चाळीस, लगेच. पन्नास, पलीकडून आवाज आला, थांबले, घंटीवरचा हात काढला, निरीक्षकाकडे पाहिलं, निरीक्षकानं मान खाली घातली, मग पुढे गेले.

"थांब," पाध्येकाका म्हणाले. "निरीक्षक म्हणजे तू."

"हो."

"इथं," ते म्हणाले, आणि सालींनी हिरवं झालेलं बोट त्या ओळीवर ठेवलं. "मी इथं उठायला हवं होतं."

"मीही," मी म्हटलं.